शिर्डी ते शिंगणापूर : उसाचा रस पावलोपावली, भाकरी मात्र शोधावी लागते, असे का?

देवदर्शनाच्या वाटेवरील सोनई परिसराचे स्वतःचे जेवण कोणते? ते हॉटेलात का दिसत नाही आणि कुठे मिळते? जाणून घेऊया.

पहाटे शिर्डीत साईबाबांचे दर्शन, दुपारपर्यंत शनिशिंगणापूर आणि संध्याकाळी परतीची वाट. राज्यातून आणि परराज्यांतून येणाऱ्या भाविकांचा हा ठरलेला कार्यक्रम. कोल्हार, राहुरी, सोनई असा हा प्रवास सुमारे ७० किलोमीटरचा. सोनईपासून शिंगणापूर तर अगदी हाकेच्या अंतरावर. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावस्येला या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

जेवणासाठी गाडी थांबते तेव्हा हातात येणारे मेन्यूकार्ड मात्र बहुतेकदा अहिल्यानगर जिल्ह्याचे नसते. पनीर बटर मसाला, तंदुरी रोटी, मसाला डोसा... हेच पदार्थ नाशिकला मिळतात, पुण्यालाही मिळतात. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, हुलग्याचे शेंगोळे हे इथल्या घराघरांतले जेवण शोधावेच लागते. याचे कारण केवळ ‘लोकांची आवड बदलली’ एवढेच नाही. त्यामागे पाणी आहे, पीठ आहे आणि चुलीपुढे बसणारे हातही आहेत.

उसाचा रस इतका का मिळतो?

राहुरी-सोनई-शिंगणापूर रस्त्याची खरी ओळख म्हणजे रसवंती. कडेला मांडव, मध्ये घाणा आणि त्याला जुंपलेला बैल. बैल गोल फिरतो, चरकातून ऊस पिळला जातो. शहरातून आलेली मुले घाण्याच्या लाकडावर बसून एक फेरी मारून घेतात. रसात लिंबू आणि आले पडते. उन्हातून आलेल्या माणसाला आणखी काय हवे?

या ग्लासाचा उगम मुळा धरणात आहे. राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा नदीवर बांधलेल्या या धरणाची साठवण क्षमता २६ टीएमसी. जलाशयाचे नाव ज्ञानेश्वरसागर. धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी राहुरीसह नेवासे तालुक्याला मिळते. पाणी आले तसा ऊस आला, ऊस आला तसे कारखाने आले. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, १९५० मध्ये प्रवरानगरला घातला गेला होता. पुढे सोनईतही मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे, तिथे पाहुण्याच्या हातात आधी रसाचा ग्लास येणार, हे ओघानेच आले.

मग भाकरी मागे का पडली?

पहिले कारण शेतातले. रब्बी ज्वारी हे मुळात कोरडवाहू पीक. भारी जमिनीतल्या ओलीवर ती तग धरते. कालव्याचे पाणी मिळाल्यावर शेतकऱ्याने नगदी पिकाकडे वळणे स्वाभाविक होते. ज्वारी घटते तेव्हा फक्त धान्य घटत नाही, जनावरांचा कडबाही घटतो.

दुसरे कारण पिठातले. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक लवचिक होते. ती तासभर आधी मळून ठेवता येते, गोळे करून ठेवता येतात, ऑर्डर आली की रोटी भट्टीत जाते. ज्वारीत ग्लुटेन नसते. पीठ गरम पाण्यात मळायचे आणि लगेच थापायचे. थोडा उशीर झाला तरी कडेला चिरा पडतात. शिवाय पीठही ताजे लागते; जुन्या पिठाला ‘विरी जाते’ आणि भाकरी थापताना तुटते.

तिसरे कारण हातांचे. प्रत्येक भाकरीमागे एक माणूस तव्यापुढे बसून असतो. थापणे, तव्यावर टाकणे, वरून पाणी फिरवणे, उलटणे, निखाऱ्यावर फुगवणे. हे काम बहुतेक घरांत बाईच करते. एकाच वेळी चाळीस गिऱ्हाईक आले, तर एका तव्यावर त्यांना गरम भाकरी देणे अशक्य. हॉटेलवाल्याला रोटी परवडते ती म्हणूनच.

एकाच वेळी हजारो पाहुण्यांना भाकरी वाढता येते का?

येते, आणि हा जिल्हा ते वर्षानुवर्षे करत आला आहे. गोदाकाठच्या सराला बेटाच्या परंपरेतील गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात भरतो. दरवर्षी गाव वेगळे असते. तिथला आमटी-भाकरीचा प्रसाद पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

त्यामागची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. आमटी मोठमोठ्या कढयांत एका जागी शिजते, कारण आमटी एकत्र शिजवता येते. भाकरी मात्र गावोगावच्या घरांतून येते. प्रत्येक चुलीवर थोड्या थोड्या भाकरी होतात, त्या गोळा करून ट्रॅक्टरमधून मंडपात पोहोचतात. जे काम एका भटारखान्याला जमत नाही, ते हजार चुली मिळून करतात.

आषाढी वारीतही हेच दिसते. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी राहुरी, अहिल्यानगर, कर्जतमार्गे पंढरपूरला जाते. वाटेवरच्या गावांत वारकऱ्यांना घरोघरी बोलावून जेवू घातले जाते. सोनईपासून जवळच असलेल्या नेवाशात संत ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. अशा या वारकरी मुलखात दारात आलेल्याला उपाशी न पाठवणे हा शिष्टाचाराचा नव्हे, धर्माचा भाग मानला जातो.

याचा अर्थ सरळ आहे. इथला पाहुणचार संपलेला नाही. तो हॉटेलात नाही, घरात आहे. देवदर्शनाला आलेली गाडी त्या घरापुढून निघून जाते, इतकेच.

हुरड्याचा पाहुणचार म्हणजे काय?

या भागात पाहुण्याला शेतावर नेण्याचे हक्काचे निमित्त म्हणजे हुरडा. डिसेंबर-जानेवारीत रब्बी ज्वारीचे कणीस दुधात येऊन दाणा भरू लागतो. तो कोवळा, गोडसर असतानाच कणीस खुडतात. जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्या पेटवतात, ही आगटी. तिच्या निखाऱ्यात कणसे भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, बोरे, पेरू.

हुरड्याची वेळ फार थोडी असते. एका शेतातला दाणा काही दिवसांतच टणक होतो, मग तो हुरडा राहत नाही. म्हणूनच हुरड्याचे आमंत्रण ‘कधीतरी या’ असे नसते, ‘या रविवारी या’ असे असते.

सोनईपासून फार दूर नसलेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीचे पदार्थानुसार वाण दिले आहेत. हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’, लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ आणि पापडासाठी ‘फुले रोहिणी’. गावाकडे गुळभेंडी आणि सुरतीचा हुरडा नावाजला जातो. ज्वारी केवळ धान्य म्हणून बाजारात गेली तर उसापुढे टिकणे अवघड; हुरडा म्हणून पाहुण्याच्या हातात गेली तर त्याच शेताचा हिशेब बदलू शकतो.

जगात इतरत्र काय घडते?

आग्नेय युरोपातील बाल्कन देश पाहुणचारासाठी ओळखले जातात आणि तिथले रिवाज मराठी माणसाला परके वाटत नाहीत. सर्बियात घरी आलेल्याला आधी ‘स्लात्को’ देण्याची पद्धत आहे. चमचाभर फळांचा मुरंबा आणि ग्लासभर पाणी. आपल्याकडचे गूळ-पाणीच जणू. अल्बानियाच्या डोंगराळ भागात तोंडी परंपरेने चालत आलेल्या ‘कानून’ या रूढीसंहितेत घर हे देवाचे आणि पाहुण्याचे मानले आहे.

याच अल्बानियातील थेथ या डोंगरातल्या गावात अनेक कुटुंबांनी घरांचीच अतिथीगृहे केली. गिर्यारोहक तिथे मुक्काम करतात, घरात शिजलेले जेवतात आणि त्याचे पैसे देतात. पैसे घेतले म्हणून यजमान दुकानदार झाला, असे तिथे कोणी मानत नाही.

पाहुणचाराचे पैसे घ्यायचे का?

आपल्याकडे अडते ते इथेच. ‘जेवणाचे पैसे कसे घ्यायचे?’ हा संकोच गावातल्या घराला असतो. दुसरीकडे प्रवाशाच्या मनात संशय असतो, त्यालाही कारण आहे. शिंगणापूरच्या वाटेवर गाड्या अडवून ठरावीक पूजासाहित्याच्या दुकानाकडे नेणाऱ्यांना ‘लटकू’ म्हणतात. त्यांचा अनुभव आलेला भाविक नंतर रस्त्यावर कोणीही हात केला तरी काच खाली करत नाही. ज्या गावाची ख्याती घरांना दारे नसण्याची, त्याच गावाच्या वाटेवर पाहुणा काचा बंद करून जातो. यात नुकसान प्रामाणिक रसवंतीवाल्याचे आणि खानावळ चालवणाऱ्या ताईचेही होते.

यावर एक मार्ग कृषी पर्यटनाचा. राज्यात बारामतीजवळ २००५ च्या सुमारास त्याची सुरुवात झाली. २०२० मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण आणले आणि केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय मिळाली. दर आधीच जाहीर असला की यजमानाचा संकोच आणि पाहुण्याचा संशय दोन्ही कमी होतात.

एक प्रश्न मात्र उरतो. भाकरी थापणारीला त्यातले काय मिळते? घरातल्या बाईचे कष्ट ‘पाहुणचार’ म्हणून फुकट आणि नाव, पैसा दुसऱ्याचा, असे झाले तर पुढची पिढी तव्यापुढे बसणार नाही. मग ज्वारी शेतात असूनही भाकरी ताटात येणार नाही.

प्रवाशाने काय करावे?

वेळ ठेवा : दोन देवस्थाने एकाच दिवसात उरकायची असतील तर निदान जेवणासाठी दीड तास बाजूला काढा. गरम भाकरीला वाट पाहावी लागते.

आधी फोन करा : खानावळीला किंवा कृषी पर्यटन केंद्राला आदल्या दिवशी माणसांची संख्या सांगा. पीठ, भाजी आणि हात यांची तयारी करता येते.

मेन्यू मागू नका : ‘काय काय मिळेल?’ याऐवजी ‘मावशी, आज घरात काय केले आहे?’ असे विचारा. पिठले असेल, शेंगोळे असतील, काळ्या मसाल्याची आमटी असेल. जे असेल ते ताजे असेल.

हंगाम पाहा : हुरड्यासाठी डिसेंबर-जानेवारी. रसवंतीवर रस समोर काढून घ्या. बर्फाची खात्री नसेल तर बिनबर्फाचा मागा.

दर विचारायला लाजू नका : हॉटेल असो की शेत, आधी विचारलेले दोघांनाही बरे. घरी आग्रहाने जेवू घातले आणि पैसे नाकारले, तर घरातल्या मुलांच्या हातावर खाऊ ठेवण्याची जुनी रीत आहेच.

ताटात टाकू नका : ‘अजून अर्धी घ्या’ हा आग्रह होणारच. पोट भरले असेल तर ताटावर आडवा हात धरा. वाढलेली भाकरी टाकली, तर ती थापणाऱ्या हातांना लागते.

शिंगणापूरची गर्दी पुढच्या शनिवारीही असेल आणि सोनईच्या रस्त्यावर बैल घाणा ओढत असेल. त्या मांडवात रस पिताना रसवंतीवाल्या दादांना एवढेच विचारून पाहा : ‘इथे भाकरी कुठे चांगली मिळते?’ असे विचारणारे वाढले, तर तवाही तापेल आणि ज्वारीही पेरली जाईल.