लशीचा परिणाम किती लवकर कळतो?

लस टोचल्यावर शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा काही तासांतच जागी होते. लस जिवंत विषाणूची असेल, तर पहिल्या आठवड्यातच पांढऱ्या पेशींतली विषाणूविरोधी जनुके कामाला लागतात. अनेक लशींच्या बाबतीत सातव्या दिवसाच्या सुमारास प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी रक्तात दिसू लागतात. प्रतिपिंडांची पातळी मात्र काही आठवड्यांनंतर भरात येते. मग पहिल्या आठवड्यातल्या रक्तावरून पुढचा प्रतिसाद सांगता येईल का? अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या बाली पुलेंद्रन, रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पीतज्वराच्या लशीबाबत ते करून दाखवले. तिसऱ्या आणि सातव्या दिवशीच्या जनुकांच्या हालचालीवरून कोणाच्या शरीरात प्रतिपिंडे भरपूर तयार होतील, याचा अंदाज त्यांना बांधता आला.

पण भरपूर प्रतिपिंडे म्हणजे रोगापासून संरक्षणच, असे गृहीत धरता येत नाही. या फरकाची उत्तम उदाहरणे पुणे जिल्ह्यातच सापडतात.

गोवर आधी पाहू. नाकातोंडावाटे फवाऱ्याने लस देता आली, तर सुया आणि त्या टोचणारे प्रशिक्षित हात यांची गरज कमी होईल, अशी आशा होती. पुणे जिल्ह्यातील गावांत 9 ते 12 महिन्यांच्या 2,004 बाळांवर तिची चाचणी झाली. निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. 91 व्या दिवशी टोचलेल्या बाळांपैकी 94.7 टक्के, तर फवारा दिलेल्यांपैकी 85.4 टक्के बाळांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. फवारा कमी पडला, हे साथीची वाट न पाहता ठरवता आले, कारण गोवरात रक्तातली प्रतिपिंडे आणि संरक्षण यांचे नाते पक्के माहीत आहे.

बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचे तसे नाही. शिरूर तालुक्यातील वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा ग्रामीण आरोग्य कार्यक्रम चालतो. रोटाव्हॅक या भारतीय लशीच्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरसोबत पुण्याच्या या केंद्राचाही सहभाग होता. 6,799 बाळांच्या या चाचणीत प्रतिपिंडांची ठळक वाढ लस घेतलेल्या जेमतेम 40 टक्के बाळांत दिसली. तरीही पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस जुलाबापासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळाले. निव्वळ रक्तावर विसंबले असते, तर लशीचे मोल कमी ठरले असते. आतड्याच्या अस्तरातले संरक्षण रक्ताच्या नमुन्यात पुरते उमटत नाही, हे त्याचे संभाव्य कारण.

म्हणून लवकर मिळणाऱ्या संकेतांचा उपयोग कच्च्या लशी वेळीच बाजूला काढण्यासाठी आणि वृद्धांसारख्या गटांत प्रतिसाद कुठे मंदावतो ते शोधण्यासाठी जरूर करावा. मात्र त्या संकेताचा संरक्षणाशी संबंध सिद्ध झालेला नसेल, तिथे गावोगावी प्रत्यक्ष आजार मोजणाऱ्या चाचण्यांना पर्याय नाही. रोटाव्हायरसची लस 2016 पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरणात आली असून ती सरकारी आरोग्य केंद्रात 6, 10 आणि 14 व्या आठवड्यात मोफत मिळते. पालकांनी तिन्ही डोस वेळेवर पूर्ण करावेत.