ठरावात नाव घेताना

"भाऊसाहेब, हा विषय ऐनवेळच्या विषयांत नको. विषयपत्रिकेवर छापून घ्या." निवृत्त हवालदार अण्णांनी ग्रामसेवकांना स्पष्टच सांगितलं. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यात १५ ऑगस्टच्या ग्रामसभेची तयारी चालली होती आणि विषय होता सैन्यात धारातीर्थी पडलेल्या गावच्या जवानांच्या स्मरणाचा ठराव. अण्णांचं बरोबर होतं. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांत कमी असेल तेवढी माणसं लागतात. इथली निम्मी घरं मुंबईत. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, पण नवा विषयही घेता येत नाही.

खरा वेळ गेला तो मसुद्यावर. शिपाई नंबर, हुद्दा, पलटण, ठिकाण, तारीख. जुन्या कागदावर नुसतं 'कापडे'. बुद्रुक की खुर्द, ते नाही. तालुका महाड, जिल्हा कुलाबा. पोलादपूर तेव्हा महाडातच होतं आणि कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. आडनाव पलटणीच्या इंग्रजी नोंदीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. मराठा लाइट इन्फंट्रीची नोंद बेळगावला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला. पत्रव्यवहार अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. काना-मात्रेसाठी एवढं थांबायचं का, असं कुणी विचारलं. थांबायलाच हवं. चुकीचं नाव एकदा इतिवृत्तात गेलं की पुढे दगडावरही तेच कोरलं जातं.

याच जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची नोंद लंडन गॅझेटात झाली. बहुतेकांच्या वाट्याला गॅझेट येत नाही. दिल्लीतलं सभागृह श्रद्धांजलीला उभं राहतं, पण लोकसभा विसर्जितही होते: एप्रिल १९९९ मध्ये झाली आणि कारगिलचं युद्ध ती नसतानाच लढलं गेलं. ग्रामसभा विसर्जित होत नाही. गावचे सगळे मतदार मिळूनच ती बनते. म्हणून मला हा ठराव मोठा वाटतो.

सभेत सूचक उभे राहिले, अनुमोदकांनी दुजोरा दिला. नावं वाचताना वडिलांचं नाव आलं, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "आईचं पण लिवा." मसुद्यात तशी ओळ नव्हती. ग्रामसेवकांनी ती तिथंच घातली, दुरुस्तीसह ठराव पुन्हा वाचला आणि तो सर्वानुमते मंजूर झाला.

आता नकला पंचायत समितीला, तहसीलदारांना, अलिबागला जातील. सही-शिक्क्याची पहिली नक्कल मात्र घरच्यांच्या हाती द्यावी, असा अण्णांचा आग्रह आहे. माझाही.