कॅमेऱ्यासाठी लेन्स निवडताना : आपल्या भागातला उजेड, गर्दी आणि पाऊस

मंडळाच्या कार्यक्रमांचे, घरच्या लग्नकार्याचे आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो सभासद मंडळी हौसेने काढतात. दिवसा उघड्यावर काढलेले फोटो बहुतेक छान येतात. सभागृहातले, घरातले किंवा रात्रीच्या मिरवणुकीतले मात्र हललेले, काळपट किंवा दाणेदार येतात. मग "नवीन कॅमेरा घ्यावा का?" असा प्रश्न निघतो. आमचे उत्तर असे की कॅमेरा बदलण्याआधी त्याच्यावर लावलेली लेन्स बघा. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कोणत्याही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याने आपल्या गरजेचे फोटो निघतात. बहुतेक वेळा अडचण असते ती कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सच्या मर्यादेची.

लेन्सवर खर्च होणारी रक्कम लहान नसते आणि चुकीची लेन्स घेतली तर ती कपाटात पडून राहते. म्हणून खासबाग, शहापूर, वडगाव परिसरातल्या आपल्या घरांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र देत आहोत.

लेन्सवरचे आकडे काय सांगतात?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर साधारणपणे "१८-५५ एमएम, एफ ३.५-५.६" असे लिहिलेले असते. यातला पहिला आकडा फोकल लेंथचा. आकडा लहान असेल तर चौकटीत जास्त जागा मावते, मोठा असेल तर लांबचे जवळ दिसते. दुसरा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्स जास्तीत जास्त किती उघडते त्याचा. हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो.

एक उदाहरण घेऊ. मागाच्या खोलीत दोन ट्यूबलाइट आहेत. आयएसओ १६०० ठेवला आणि लेन्स एफ ५.६ वर असली, तर शटरचा वेग साधारण १/३० सेकंद मिळतो. विणकराचा हात या वेळेत हलतो, त्यामुळे फोटोत तो पुसट येतो. त्याच जागी एफ १.८ पर्यंत उघडणारी लेन्स लावली, तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो आणि वेग सुमारे १/३०० सेकंदापर्यंत जातो. हात स्पष्ट येतो. धोटा तरीही पुसट येईल, पण त्यामुळे माग चालू असल्याचे फोटोत कळते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेन्सवर आयएस, व्हीआर किंवा ओएसएस अशी अक्षरे असली, तर ती लेन्स आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवत नाही. लेझीम खेळणारी मुले १/३० सेकंदाला पुसटच येणार, मग लेन्समध्ये कंप सावरण्याची सोय कितीही चांगली असो. हालचाल थांबवायला शटरचा वेग लागतो आणि वेगासाठी उजेड लागतो.

आधी माउंट तपासा

प्रत्येक कंपनीची लेन्स बसवण्याची खाच, म्हणजे माउंट, वेगळी असते. कॅननच्या डीएसएलआरचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आणि निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आहे. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी मिररलेस कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले : कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या आणि लेन्स त्यावर लावूनच बघा.

घेताना हमखास फसगत होते अशा काही जागा :

• कॅननच्या ईएफ-एस लेन्स लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी आहेत. फुल फ्रेम डीएसएलआरवर त्या बसत नाहीत.

• निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. जुनी ५० एमएम एफ १.८ डी ही लेन्स त्यांच्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. अशा कॅमेऱ्यासाठी नावात एएफ-एस असलेली लेन्स घ्या.

• निकॉनच्या एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर नीट चालत नाहीत.

• कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यावर कंपनीच्या अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात. म्हणजे आज डीएसएलआरसाठी घेतलेली चांगली लेन्स उद्या मिररलेस घेतला तरी वाया जात नाही.

सेन्सरच्या आकाराचाही हिशेब ठेवावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे लहान सेन्सरचे कॅमेरे आहेत. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत फोकल लेंथला दीडने, कॅननमध्ये १.६ ने गुणावे. ५० एमएमची लेन्स त्यांच्यावर ७५ किंवा ८० एमएमसारखी दिसते. त्यामुळे लहान खोलीत ती फार जवळची वाटते.

आपल्याला काय काढायचे आहे?

घर, माग आणि लहान समारंभ : बारसे, साखरपुडा, वाढदिवस, घरातला माग यांसाठी जास्त उघडणारी आणि झूम नसलेली, म्हणजे प्राइम लेन्स पहिली घ्यावी. निकॉनच्या लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी ३५ एमएम एफ १.८ जी, कॅननसाठी ईएफ-एस २४ एमएम एफ २.८ किंवा ५० एमएम एफ १.८ एसटीएम हे प्रचलित पर्याय आहेत. ५० एमएम एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि एकट्या माणसाच्या फोटोसाठी उत्तम. पण खोली दहा बाय बाराची असेल तर २४ किंवा ३५ एमएम जास्त उपयोगी पडते, कारण मागे सरायला जागा नसते.

एफ १.८ वर फोटो काढताना एक पथ्य पाळा. ५० एमएमने दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर स्पष्ट दिसणारा भाग पुढेमागे मिळून जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर असतो. एका माणसासाठी डोळ्यावर फोकस केला की पुरे. दोन रांगांच्या ग्रुप फोटोला मात्र मागची रांग पुसट येईल. तिथे एफ ५.६ किंवा एफ ८ ठेवावा आणि उजेडाची सोय करावी.

ग्रुप फोटोत १८ एमएमचा मोह टाळा. इतक्या रुंद कोनात कडेला उभ्या असलेल्या काका-काकूंचे चेहरे आणि अंग ताणलेले दिसते. चार पावले मागे सरका आणि झूम ३५ च्या आसपास ठेवा.

शिवजयंतीची मिरवणूक : बेळगावची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. उजेड एका जागी लख्ख आणि दोन पावलांवर अंधार, अशी स्थिती असते. येथेही ३५ किंवा ५० एमएमची एफ १.८ लेन्सच कामाला येते. गर्दीत लेन्स बदलू नका. गुलाल आणि धूळ एकदा कॅमेऱ्यात गेली की सेन्सर साफ करून घ्यावा लागतो. गुलाल उधळत असताना पुढे यूव्ही फिल्टर असलेला बरा, पण चौकटीत प्रखर दिवे असताना स्वस्त फिल्टरमुळे फोटोत दिव्यांचे भुरकट प्रतिबिंब उमटते, तेव्हा तो काढावा. लेन्स हूड मात्र कायम लावून ठेवावे. धक्का लागला तर काच वाचते आणि बाजूचा उजेडही अडतो.

कुस्ती आणि मैदान : आनंदवाडीच्या आखाड्यात किंवा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आपण प्रेक्षकांत बसलेले असतो. मल्ल दूर असतात. दुपारच्या उजेडात कॅननची ५५-२५० एमएम एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एमएम यांसारखी हलकी झूम लेन्स चांगले काम देते. शटर १/५०० च्या वर ठेवा. दिवेलागणीनंतर हीच लेन्स कमी पडते, कारण लांबच्या टोकाला ती एफ ५.६ किंवा एफ ६.३ पर्यंतच उघडते.

सभागृह, नाटक, भजन : दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसून काढायचे असेल तर ८५ एमएम एफ १.८ पुरते. ७०-२०० एमएम एफ २.८ सर्वांत सोयीची, पण ती साधारण दीड किलोची आणि बरीच महाग असते. वर्षातून चार कार्यक्रमांसाठी ती विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्यावी.

वास्तू आणि गड : किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची आहे. तिच्या छतातले दगडी कमळ संपूर्ण यायचे असेल तर १०-१८ किंवा १०-२० एमएमची रुंद कोनाची लेन्स हवी. आत उजेड कमी आणि संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे कंप सावरणारी लेन्स येथे खरी उपयोगी पडते, कारण कमळ हलत नाही. राजहंसगडावर भर दिवसा मात्र सोबत आलेली १८-५५ सुद्धा पुरते. ती एफ ८ वर ठेवली की चांगली स्पष्ट चित्रे देते. एफ १६ च्या पुढे गेल्यास स्पष्टता पुन्हा कमी होते.

१८-३०० एमएमसारखी "सगळ्यात एक" लेन्स प्रवासाला सोयीची आहे, पण अंधारात ती १८-५५ च्या पुढे जात नाही. आपला प्रश्न अंधाराचा असेल तर ती त्याचे उत्तर नाही.

जुनी लेन्स घेताना

लोक डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळत असल्याने चांगल्या जुन्या लेन्स सध्या बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण या गोष्टी समोर बसून तपासा :

१. पुढचे-मागचे झाकण काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स घेऊ नका. धुळीचे चार-दोन कण असले तर फोटोत काही फरक पडत नाही.

२. काचेवर दुधाळ थर किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेल दिसते का पाहा.

३. झूम आणि फोकसची रिंग फिरवा. खरखर, अडकणे किंवा लेन्स हातात डगडगणे ही पडल्याची खूण असू शकते.

४. घरचा तरुण भारत भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा बरोबर समोर ठेवून लेन्स पूर्ण उघडून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. कोपरे थोडे मऊ असणे साहजिक आहे. पण एकच बाजू वाचता येते आणि दुसरी येत नाही, असे असेल तर आतली काच सरकली आहे.

५. जवळ आणि लांब असा दहा-पंधरा वेळा ऑटोफोकस करून पाहा.

नवीन घेत असाल तर पक्के बिल आणि भारतातले वॉरंटी कार्ड घ्या. बिलावर लेन्सचा सीरियल नंबर लिहिलेला असावा.

आपल्या पावसाळ्यात लेन्स जपणे

बेळगावचा जून ते सप्टेंबरचा दमटपणा हा लेन्सचा सर्वांत मोठा शत्रू. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरू लागते. ती काचेवरचा लेप खाते. नंतर साफ केली तरी डाग राहू शकतात आणि साफसफाईचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो.

उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात गरम करू नका. चामड्याच्या पिशवीत किंवा कपड्यांच्या कपाटात लेन्स ठेवू नये, तिथे ओल धरते. पावसात भिजून आलात तर कॅमेरा पुसून, वाळवून मगच डब्यात ठेवा. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा.

कोणत्या क्रमाने घ्यावे?

ज्यांच्याकडे १८-५५ आहे त्यांनी ती ठेवावी आणि पहिल्यांदा ३५ किंवा ५० एमएमची जास्त उघडणारी लेन्स घ्यावी. सहा महिने वापरल्यावर आपल्याला लांबचे कमी पडते की रुंद कमी पडते हे फोटोच सांगतील. मग दुसरी घ्यावी. एकाच माउंटचे कॅमेरे असलेल्या दोन-तीन घरांनी वेगवेगळ्या लेन्स घेऊन आपसात वापरल्या तर सगळ्यांचाच खर्च वाचतो.

शेवटी एक विनंती. आपल्या भागात हातमागाची जागा बहुतेक ठिकाणी यंत्रमागाने घेतली. अनेक घरांत आजोबांचा लग्नातला फोटो आहे, पण मागावर बसलेला एकही नाही. ताणा लावणारे हात, कांड्या भरणाऱ्या आज्या, मागाच्या खोलीतला तो मंद उजेड, हे सगळे फ्लॅश न मारता टिपायला एक साधी एफ १.८ लेन्स पुरते. ज्यांच्या घरी माग अजून चालू आहे त्यांनी या वर्षी एवढे फोटो जरूर काढावेत, मागे नाव, गल्ली आणि तारीख लिहावी, आणि एक प्रत मंडळाकडे द्यावी.