एकोणीस गुणिले एकोणतीस

ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मुले पाठ करतात. ‘का?’ असे एखाद्याने विचारले तर बहुधा ‘नियमच आहे’ एवढे उत्तर मिळते. कर्जाचे उदाहरणही येथे उपयोगी पडत नाही; कर्जाला कर्जाने गुणायचे म्हणजे काय करायचे? उत्तर दडलेले आहे ते वितरणाच्या गुणधर्मात: क × (ख + ग) = क × ख + क × ग.

हा गुणधर्म आपल्या जुन्या ओळखीचा आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती आहेत. एका रीतीत १२ चे ८ आणि ४ असे तुकडे पाडतात. दुसरीत १२ ऐवजी २० ने गुणून मग आठपट वजा करतात: २७०० − १०८० = १६२०. मराठीत तर ही वजाबाकी शब्दांतच मुरलेली आहे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस, एकोणतीस म्हणजे एक उणे तीस.

आता असे समजू, की कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ आपल्याला १९ नारळ घ्यायचे आहेत आणि एक नारळ २९ रुपयांना आहे. तोंडी हिशेब करू. ३० रुपयांप्रमाणे २० नारळांचे ६०० रुपये. एक नारळ कमी, म्हणून ३० वजा. प्रत्येक नारळामागे एक रुपया कमी, म्हणून २० वजा. राहिले ५५०. पण २९ चा पाढा ५५१ सांगतो! चूक कुठे झाली? जो विसावा नारळ आपण घेतलाच नाही, त्याचे तीसच्या तीस रुपये आधीच वजा झाले होते. तरी त्याच्यावरचा एक रुपया आपण पुन्हा वजा केला. तो परत मिळवायला हवा.

(२० − १) × (३० − १) = ६०० − २० − ३० + १

शेवटचा + १ म्हणजेच (−१) × (−१). (फळ्यावर २० ओळी व ३० स्तंभांची चौकट काढून एक ओळ व एक स्तंभ पुसला, तर दोनदा मोजला गेलेला कोपऱ्यातला चौकोन मुलांना दिसतो.)

येथे १९ आणि २९ या धन संख्याच होत्या. ऋण संख्या एकटी असतानाही वितरणाचा गुणधर्म चालू ठेवायचा, हा निर्णय मात्र गणितज्ञांचा. तो एकदा घेतला, की पर्याय उरत नाही:

० = (−१) × [१ + (−१)] = −१ + (−१) × (−१)

उजवीकडची बेरीज शून्य यायची, तर शेवटचे पद + १ च असले पाहिजे.