सांडपाण्याच्या आधीचं रसायन

आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात आणि गाव ती अंडी जपतं. याच किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की दाभोळची खाडी लागते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी प्रक्रियेनंतर तिथे सोडलं जातं. वसाहतीचं सामूहिक प्रक्रिया केंद्र अपुरं पडतं, हे पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात नोंदवलं होतं. अशा वेळी चर्चा हटकून केंद्राची क्षमता वाढवण्याकडे वळते. ती वाढवावीच. पण केंद्रातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात. धातू त्यांना पचत नाही. क्रोमियमचा अणू मोडत नाही, तो पाण्यातून गाळात जातो आणि गाळाबरोबर खड्ड्यात पुरला जातो.

कचरा किती होणार, हे खरं तर अभिक्रिया निवडतानाच ठरतं. रंग आणि औषधांना लागणारं ॲनिलीन घ्या. १८५४ साली बेशां या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोबेंझिनपासून ते लोखंड आणि आम्ल वापरून बनवलं. या पद्धतीचं समीकरण मांडलं, तर एक किलो ॲनिलीनमागे सुमारे १.९ किलो लोहाचं ऑक्साइड उरतं, म्हणजे मालापेक्षा राडा जास्त! लोखंडाऐवजी उत्प्रेरकावर हायड्रोजन वापरला, तर उरतं सुमारे ४०० ग्रॅम पाणी. बहुतेक मोठे कारखाने केव्हाच हायड्रोजनकडे वळले. लोखंड विषारी थोडंच आहे, असं कुणी म्हणेल. नाही, पण त्या राड्याला चिकटून आलेलं ॲनिलीन विषारीच असतं.

अधिक वजनदार आक्षेप दोन. उत्प्रेरकातलं निकेल किंवा पॅलेडियम हेही धातूच ना? हो, आणि त्यांचा अंश मालात उतरतोही. मात्र उत्प्रेरक थोडासाच लागतो आणि गाळून पुन्हा वापरता येतो. लोखंड दर घाण्याला नवं लागतं. काही ठिकाणी तर धातू पूर्ण टाळता येतो. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनच्या निर्मितीत ऱ्होडियमच्या जागी विकर (एन्झाइम) आणल्यावर एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला. या कामाला २०१० मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. असा विकर घडवायला मात्र बड्या कंपनीची प्रयोगशाळा लागते. दुसरा आक्षेप इथूनच निघतो: हायड्रोजनसाठी दाब सोसणारी भांडी हवीत, स्फोटाची धास्ती वेगळी, छोट्या कारखानदाराने हे कसं पेलावं? एकट्याने पेलू नयेच. सांडपाण्याचं केंद्र सामायिक असू शकतं, तर जॉबवर्कवर सगळ्यांचा माल घेणारं हायड्रोजनेशनचं एक संयंत्रही वसाहतीत सामायिक असू शकतं, आणि राडा वाहून नेण्याचा वाचलेला खर्च त्याच्या भाड्यात वळता करता येईल.