मच्छरदाणी : वाटलेली आणि वापरलेली

मीरा-भाईंदरच्या समुद्रकाठी, उत्तनजवळच्या पालीसारख्या कोळीवस्तीत जाळ्याचे महत्त्व कोणी सांगावयास नको. जाळे घरात टांगून मासळी मिळत नाही. ते पाण्यात सोडावे लागते आणि फाटले तर सांधावे लागते. हिवतापाविरुद्धच्या मच्छरदाणीसंबंधी आम्हांस हेच सांगावयाचे आहे.

१८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना ॲनॉफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. हे जंतू डासाच्या अंगात वाढून दुसऱ्या माणसास बाधण्याजोगे होण्यास साधारणपणे दहा-बारा दिवस लागतात. तत्पूर्वी डास मेला, तर रोगाची साखळी तुटते. औषधी मच्छरदाणी निजलेल्यास आडोसा देतेच, शिवाय तिच्यावर बसणारा डासही मारते. म्हणून गावातील बहुतेकांनी ती वापरली, तर न वापरणाऱ्या शेजाऱ्याचेही काही रक्षण होते. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाविरुद्धच्या उपायांनी जेवढे रुग्ण टळले, त्यांपैकी सुमारे ६८ टक्के या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मग वाटप झाले की काम संपले काय? महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर पडतो. तेथे शासनाने अशा मच्छरदाण्या वाटल्या आहेत. परंतु पिकाच्या राखणीस शेतावर किंवा तेंदूपानांसाठी रानात मुक्कामास गेलेल्याला घरातील मच्छरदाणीचा काय उपयोग? उकाड्यात अंगणात निजणाऱ्याने ती बांधावी कशाला? यासाठी दोन माणसांमागे एक हा हिशेब घरांच्या यादीपाशी न थांबता निजण्याच्या जागेपर्यंत गेला पाहिजे. मच्छरदाणीबरोबर दोरी द्यावी आणि ती बांधूनही दाखवावी.

निगाही शिकविली पाहिजे. नवी मच्छरदाणी एक दिवस सावलीत पसरावी. ती साध्या साबणाने, थंड पाण्यात धुवावी; उन्हात वाळवू नये, कारण उन्हाने औषधाचा जोर ओसरतो. अशी निगा राखल्यास ती सुमारे ३ वर्षे टिकते.

पालीकडे आणखी एक काळजी हवी. शहरी हिवतापाचा डास विहिरी व टाक्यांतील स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून टाकीवर घट्ट झाकणही हवे.

मच्छरदाण्या किती वाटल्या, हे कचेरीत समजते. काल रात्री त्यांखाली किती माणसे निजली, हे घरोघर जाऊनच समजते. आमच्या मते कामाचे मोजमाप या दुसऱ्या आकड्यानेच व्हावे.