खाटेची चौकशी आणि निधीचा हिशेब : आमच्या अंतर्गत वेब सेवेविषयी

अहवाल वर्षातील खर्चाच्या तपशिलात संगणक विभागाच्या नावे ‘अंतर्गत वेब सेवा’ अशी एक नवी नोंद आपणांस आढळेल. नवे यंत्र आले असते तर त्याचे छायाचित्र या पानावर छापता आले असते. ही सेवा मात्र डोळ्यांना दिसणारी नाही. रुग्णांसाठी दिलेल्या पैशातील काही भाग अशा कामी का लावला, हे जाणून घेण्याचा देणगीदारांना व विश्वस्तांना अधिकार आहे आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तर तिचा अनुभव रोजच येणार आहे. त्यासाठी हे निवेदन.

गरज कशी निर्माण झाली

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. हे दोन वर्ग वगळून इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्यामुळे वैद्यकीय समाजसेवकांच्या टेबलापाशी दररोज दोन प्रश्न उभे राहतात : राखीव खाट आता मोकळी आहे काय? आणि या रुग्णाच्या देयकातील किती रक्कम निधीतून वळती झाली? पहिल्याचे उत्तर कक्षांच्या संगणक प्रणालीत असते, दुसऱ्याचे देयक विभागाच्या प्रणालीत. या दोन प्रणाली वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या भाषांत तयार झालेल्या असल्याने त्यांच्यातील निरोप चिठ्ठी घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांनाच पोहोचवावे लागत.

दूरस्थ कार्य-आवाहन म्हणजे काय

एखाद्या लिपिकाने छापील नमुना भरून शिपायाकरवी दुसऱ्या विभागात पाठवावा आणि तो उत्तरासह परत यावा, असे हे काम आहे. समाजसेवकांच्या संगणकावरील कार्यक्रम ‘मोकळ्या खाटा सांगा’ अशी आज्ञा जणू स्वतःलाच देतो. प्रत्यक्षात ती जाळ्यावरून दुसऱ्या संगणकाकडे जाते, तेथे पार पडते आणि उत्तर परत येते. यालाच ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल व ब्रूस नेल्सन यांनी या पद्धतीची जी बांधणी केली, तिचे वर्णन करणारा त्यांचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. आम्ही स्वीकारलेली ‘जीआरपीसी’ ही पद्धत गूगलने २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. निरोपाची मांडणी ज्या ‘प्रोटोकॉल बफर्स’ पद्धतीने होते, ती त्याच कंपनीने २००८ मध्ये खुली केली होती. दोन्हींसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. आमचा खर्च मनुष्यबळाचा व चाचण्यांचा आहे.

अक्षरांऐवजी अंक

‘<खाटा>१२</खाटा>’ असा निरोप देवनागरीत पाठवावयाचा झाल्यास प्रचलित यूटीएफ-८ संकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात आणि एवढ्याशा मजकुराचे ३५ बाइट होतात. द्विमान पद्धतीत रकान्याचे नाव पाठवलेच जात नाही. एका बाइटात रकान्याचा क्रमांक व प्रकार, दुसऱ्यात १२ ही संख्या, असे २ बाइट पुरतात; वेष्टनाचे बाइट दोन्हीकडे निराळे. तरीही एका इमारतीतील जाळ्यावर ही बचत फार मोलाची नाही. आमच्या दृष्टीने खरा लाभ असा की, दोन्ही बाजूंना एकच करारपत्र पाळावे लागते.

हे करारपत्र म्हणजे एक छोटी फाईल. तीत कोणती विचारणा करता येईल, तिच्यासोबत काय द्यावयाचे व उत्तरात काय मिळेल, हे क्रमवार लिहिलेले असते. त्यावरून जावा, पायथन आदी भाषांतील जोडणीचा मजकूर संगणक आपोआप तयार करतो. प्रत्यक्ष मोजणी व नोंद करणारा भाग तेवढा आमच्या कर्मचाऱ्यांनी लिहिला. आरंभी दोनच विचारणा ठेवल्या : खाटांची चौकशी आणि निधीतून रक्कम वळती करणे.

हिशेबाच्या चार शिस्ती

पहिली, रकान्याचा क्रमांक एकदा दिला की तो बदलावयाचा नाही. लेखाशीर्ष बंद झाले तरी त्याचा क्रमांक आपण दुसऱ्या खात्यास देत नाही, तसेच हे. अन्यथा जुनी प्रणाली ‘सवलत’ हा आकडा ‘येणे रक्कम’ म्हणून वाचील.

दुसरी, रक्कम पैशांत व पूर्णांकात लिहावयाची. संगणकाच्या नेहमीच्या दशांश मांडणीत दहा पैशांसारखी साधी रक्कमही तंतोतंत बसत नाही आणि विश्वस्त निधीच्या हिशेबात ‘जवळपास’ हा शब्द चालत नाही.

तिसरी शून्याविषयी. या पद्धतीत साध्या संख्येच्या रकान्यात शून्य असल्यास तो रकाना पाठवलाच जात नाही. म्हणजे ‘एकही खाट मोकळी नाही’ आणि ‘कक्षाने आकडा भरलेलाच नाही’ ही दोन उत्तरे सारखीच दिसू लागतात. रुग्णाच्या नातेवाइकासाठी या दोहोंत फार अंतर आहे : पहिल्यात त्याने अन्य रुग्णालयाचा विचार करावयाचा, दुसऱ्यात आम्ही कक्षाला दूरध्वनी करावयाचा. म्हणून तो रकाना करारपत्रात ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदविला आहे. त्यायोगे भरलेले शून्य आणि न भरलेली जागा वेगळी ओळखता येते.

चौथी शिस्त सर्वांत महत्त्वाची. निधीतून रक्कम वळती करण्याची विनंती गेली आणि उत्तर आले नाही, तर विनंती पोहोचलीच नाही, की काम होऊन उत्तर वाटेत हरवले, हे विचारणाऱ्यास कळत नाही. बिरेल व नेल्सन यांच्या निबंधातही हा प्रश्न चर्चिलेला आहे. पुन्हा विनंती न केल्यास निर्धन रुग्णाच्या देयकातून रक्कम वजा होणार नाही. केल्यास निधीतून तीच रक्कम दोनदा जाईल. यावर उपाय आपल्या जुन्या वहीखात्यातलाच आहे. प्रत्येक विनंतीस पावतीप्रमाणे स्वतंत्र क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर देयक प्रणाली नवी नोंद न करता आधीचेच उत्तर परत देते. त्यामुळे विनंती कितीदा पाठवली तरी खर्च एकदाच पडतो. शिवाय प्रत्येक विनंतीस काही सेकंदांची मुदत घातलेली आहे, कारण मुदत न घातल्यास ही पद्धत उत्तराची वाट पाहतच राहते.

मर्यादा

द्विमान निरोप डोळ्यांनी वाचता येत नाही, याचा अर्थ तो गुप्त असतो असा नव्हे. रुग्णाची माहिती सुरक्षित राहावी यासाठी जाळ्यावरील सर्व निरोप सांकेतिक रूपात पाठविले जातात आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे भान ठेवून खाटांच्या चौकशीत रुग्णाचे नाव मुळी घेतलेच जात नाही. संकेतस्थळे पाहण्याच्या ब्राउझरमधून ही सेवा थेट वापरता येत नाही. त्यासाठी मधे दुभाषी ठेवावा लागतो. म्हणून सध्या ती केवळ अंतर्गत वापरासाठी आहे. वीज वा जाळे बंद पडल्यास चौकशी टेबलावरील कागदी नोंदवही पूर्ववत उपयोगात आणली जाते.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती अशी की, निर्धन वा दुर्बल घटकातील सवलतीसाठी आवश्यक कागदपत्रे घेऊन प्रथम वैद्यकीय समाजसेवकांस भेटावे. खाट आणि निधी या दोन्हींची उत्तरे त्याच टेबलावर मिळतील. पात्रतेचा निर्णय संगणक करीत नाही, तो माणसेच करतात. देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया एकदाच आणि योग्य रुग्णाच्याच नावे खर्ची पडावा, यासाठी ही योजना आहे. विश्वस्तांनी आणि लेखापरीक्षकांनी या सेवेच्या नोंदी केव्हाही तपासाव्यात, त्या त्यांच्यासाठी खुल्या आहेत.